अतिथीगृहाच्या चाळीस खुर्च्या

कुशनताईंनी आयुष्यात कराचा एकही कागद भरला नव्हता. बावीस वर्षं त्यांच्या घरात कामाची वाटणी ठरलेली होती. सोफ्याचे, खुर्च्यांचे सांगाडे दुरुस्त करायचे आणि हिशेब ठेवायचे ते मिस्त्रींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने; स्पंज कापून कापड चढवायचं ते ताईंनी. दरवर्षी रिटर्न भरायची वेळ आली की मिस्त्री जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसत आणि ताईंना बोट दाखवून म्हणत, "इथे सही." ताई सही करत आणि पुन्हा मशीनवर बसत.

सात महिन्यांपूर्वी मिस्त्रींना अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं निभावलं, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. मान हलवून हो-नाही सांगता येत होतं, पण ते तेही सांगत नसत. बोलायचे व्यायाम घेणारी बाई आठवड्यातून दोनदा यायची. ती चित्रांचे पत्ते दाखवायची, चेंडू, मांजर, छत्री, आणि हे काय म्हणून विचारायची. मिस्त्री डोळे मिटून घेत. बाई गेली की ताई त्यांच्यावर चिडत, मग स्वतःवर चिडत, आणि शेवटी कापड कापायला घेत.

अशात कर खात्याची नोटीस आली. कापडाच्या नमुन्यांच्या गठ्ठ्याखाली ती तीन आठवडे तशीच पडून होती. ताईंनी पाकीट फोडलं तेव्हा उत्तर द्यायला नऊ दिवस उरले होते. गेल्या वर्षी एका अतिथीगृहाने तुम्हांला दिलेली मोठी रक्कम तुमच्या उत्पन्नात दिसत नाही, खुलासा करा, असा त्यातला मजकूर होता. ताईंनी ते दोनदा वाचलं. त्या अतिथीगृहाचं काम केल्याचं त्यांना आठवतच नव्हतं.

त्यांच्या जावेने सांगितलं की वाचनालयात दर शनिवारी सकाळी एक निवृत्त कर अधिकारी बसतात आणि फुकट सल्ला देतात. ताई कागदांची पिशवी घेऊन गेल्या. वर्तमानपत्रांच्या रॅकशेजारी एका लहान टेबलामागे ते साहेब बसले होते. समोर एक पेन आणि पाठकोरे कागद. ताईंच्या आधी एक केशकर्तनकार होता. बक्षिसी मिळते तीही उत्पन्नात धरायची का, असं विचारत होता. साहेबांनी धरायची म्हटल्यावर तो पडेल चेहऱ्याने उठला.

ताईंना वाटलं होतं, साहेब नोटीस वाचतील आणि काय ते सांगतील. त्यांनी उलट प्रश्नच विचारायला सुरुवात केली. काम घरातच करता की वेगळी जागा आहे? घरात, तर किती खोल्यांपैकी किती? वीज एकाच मीटरवर आहे का? व्हॅन फक्त धंद्याला वापरता की घरच्या कामालाही? शिलाई मशीन कोणत्या वर्षी घेतलं? मदतीला कुणी येतं का, त्यांना काही देता का? आणि हे अतिथीगृह कोणतं? प्रत्येक प्रश्नाला ताईंचं एकच उत्तर होतं: ते ह्यांना माहीत.

"मग त्यांना विचारा," साहेब म्हणाले.

ताईंनी सगळं सांगितलं. सांगताना त्या मध्येच थांबून पिशवीचे बंद नीट करत बसल्या. साहेबांनी घाई केली नाही. मग त्यांनी एवढंच विचारलं, मिस्त्रींना ऐकू येतं का, मान हलवता येते का. दोन्हीला हो म्हटल्यावर त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि अर्धा तास खपून सतरा प्रश्न लिहिले, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल असे.

"ते आजारी आहेत म्हणून सोपं करून विचारू नका," त्यांनी बजावलं. "हिशेबनीसाला विचारतो तसं विचारा. हे त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

त्याच दुपारी ताई मिस्त्रींसमोर स्टूल घेऊन बसल्या. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. "अहो, नोटीस आलीय," त्यांनी सांगितलं आणि ती वाचून दाखवली. मिस्त्रींनी मान वळवली. कित्येक महिन्यांत त्यांनी इतकं रोखून पाहिलं नव्हतं.

व्हॅन फक्त धंद्याची? नाही. अर्धी घरची? नाही, आणि ते जोरात, कपाळाला आठ्या घालून. मग डाव्या हाताची तीन बोटं वर झाली, ती मिटली, आणि एक बोट वर झालं. ताईंना क्षणभर लागला. चार भागांतले तीन धंद्याचे, एक घरचा. त्यांनी लिहून घेतलं. मशीनच्या वर्षात ताई दोन वर्षांनी चुकल्या, तेव्हा मिस्त्रींनी असा चेहरा केला की त्यांना हसू फुटलं. मिस्त्रीही हसले, एका बाजूने. तेव्हा ताईंच्या ध्यानात आलं: हा माणूस हट्टी नव्हता. आयुष्यभर मापं घेतलेल्या माणसाला चेंडू म्हणजे काय हे सांगायची लाज वाटत होती.

बारावा प्रश्न अतिथीगृहाचा होता. पैसे मिळाले होते? हो. आपण काम केलं? नाही. मग ते पैसे खर्च झाले? नाही. तुमच्याकडे आहेत? नाही. पुढे काय विचारावं ते ताईंना सुचेना. मिस्त्री लाल झाले, डाव्या हाताने त्यांनी गुडघ्यावर थाप मारली, आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला.

"प... परत."

सात महिन्यांतला तो पहिला शब्द होता. ताईंना वाटलं, प्रश्न पुन्हा विचारायला सांगतायत. म्हणून त्यांनी तो सगळा पुन्हा वाचला. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. "परत," ते म्हणाले. ताईंनी तिसऱ्यांदा वाचायला घेतला.

"परत... दिले," मिस्त्री म्हणाले आणि दमून मागे टेकले.

पुढच्या हो-नाहींतून आणि बोटांच्या खुणांतून हळूहळू सगळं उलगडलं. चाळीस खुर्च्यांचं काम होतं. अतिथीगृहाने आगाऊ रक्कम पाठवली, दोन महिन्यांत अतिथीगृहच बंद झालं, आणि मिस्त्रींनी ती रक्कम जशीच्या तशी परत केली होती. मिस्त्रींच्या बोटाच्या रोखाने शोधत गेल्यावर बँकेची पावती पासबुकाच्या मागच्या पानाला टाचलेली सापडली.

ताईंनी निरोप पाठवल्यावर सोमवारी साहेब मुद्दाम वाचनालयात आले. ताईंकडून त्यांनी खुलाशाचं पत्र लिहून घेतलं, पावतीची प्रत जोडली. पाच आठवड्यांनी कर खात्याचं उत्तर आलं: खुलासा मान्य, काही देणं नाही.

मधल्या काळात घरात बरंच बदललं होतं. व्यायामवाल्या बाईने सगळी हकीकत ऐकली, चित्रांचे पत्ते बाजूला ठेवले आणि त्या सतरा प्रश्नांची नक्कल करून घेतली. मिस्त्री आता पावती, मशीन, स्पंज म्हणत होते. वीज म्हणताना अडखळत होते. आणि ताई यंदाचं रिटर्न स्वतः लिहीत होत्या, मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर, शिव्या दिल्यासारख्या त्यांच्या नजरा झेलत.

पुढच्या शनिवारी दोघं वाचनालयात गेली. मिस्त्री डाव्या हाताने काठी टेकत, उजवीकडून ताईंचा आधार घेत. ताईंनी साहेबांसमोर फीचं पाकीट ठेवलं, ते त्यांनी परत सरकवलं. मिस्त्रींना काही बोलायचं होतं. ओठ हलले, शब्द येईना. साहेब पेन खाली ठेवून थांबले. मागे रांगेत चार माणसं उभी होती.

"उपकार," शेवटी मिस्त्री म्हणाले.

एकतीस वर्षं आपण लोकांना हेच प्रश्न विचारले होते, असं साहेबांनी सांगितलं, आणि लोक घाबरून उत्तरं देत. परत येऊन कुणी असं म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. मग त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं, पण बोलावण्याआधी मिस्त्रींचा लुळा हात दोन्ही हातांत घेतला.

घरी जाताना ताईंच्या मनात किती काय भरून आलं होतं, साहेबांबद्दल, जावेबद्दल, आणि खरं तर त्या नोटिशीबद्दलही. कोपऱ्यावरच्या लोखंडी सामानाच्या दुकानापाशी मिस्त्री थांबले आणि काठीने आत दाखवत म्हणाले, "खिळे."

"खिळे कशाला हो?" ताईंनी विचारलं.

मिस्त्री उत्तर जुळवू लागले. ताईंनी पिशवी खाली ठेवली आणि वाट बघत उभ्या राहिल्या.