गप्प घरातला खुळखुळा

मित्रांनो, हसू नका, पण मी एक जुना खुळखुळा आहे. दुकानातला नव्हे हं! खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, तिच्यात मूठभर नागली, म्हणजे नाचणी, आणि झाकणावर पांढरी चिकटपट्टी, एवढाच माझा थाट. मला बनवलं ज्योत्स्ना सिस्टरनी. त्या नाशिकच्या एका दवाखान्यात परिचारिका आहेत आणि घरोघरी जाऊन तान्ह्या मुलांची वाढ बघतात. माझ्या पोटातली नागली त्यांच्या आईच्या शेतातली, हरसूलच्या डोंगराकडची. पण ही गोष्ट दवाखान्यात कोणालाच ठाऊक नव्हती. गाव विचारलं की सिस्टर म्हणायच्या, "त्र्यंबकजवळ," आणि विषय बदलायच्या. आईचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात गावच्या बोलीत बोलायच्या.

माझं काम सोपं. बाळाच्या पाठीमागून मला हळूच वाजवायचं. बाळानं मान वळवली की सिस्टर खूश व्हायच्या. मग मला बाळाच्या मुठीत देऊन त्या आईबापांना जमिनीवर बसवायच्या, बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवायच्या. बाळं मला चाटायची, आपटायची. एका पठ्ठ्यानं तर मला वरणात बुडवलं! तेव्हा माझा तोरा बघायला हवा होता.

तो तोरा नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका खोलीत उतरला. मनोज तिथल्या कारखान्यात कामाला. घरात त्याची बायको आशा, म्हातारी आई भागीबाई आणि दीड वर्षांचा लखन. लखनपुढे दिव्यांची गिटार होती, इंग्रजी गाणी म्हणणारं अस्वल होतं, शिवाय मोबाइल होताच. त्या झगमगाटात सिस्टरनी मला बाहेर काढलं. माझी चिकटपट्टी सुटलेली, अंगावर औषधाचं अर्धं लेबल. अहो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं! पुन्हा पिशवीत जाऊन कापसाखाली लपावं असं वाटलं.

लखननं मान वळवली. कान उत्तम होते. पण पोरगं बोलायचं नाही. बाबा नाही, आई नाही, साधं बडबडणंही नाही. मला काय विचित्र वाटलं सांगू? ते घरच गप्प होतं. भागीबाईनं नातवाला भात भरवला, तोंड पुसलं, पाठीवर हात फिरवला, पण ओठ काही उघडले नाहीत. आशा बोलायची ती दोनच शब्द, "जेव" आणि "नको".

सिस्टर म्हणाल्या, "बाळाशी आपल्या घरच्या भाषेत संवाद साधायला हवा." वाक्य कसं, धड्यातल्यासारखं! मनोजनं मान डोलावली. पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तर घर तसंच गप्प आणि लखनही तसाच.

"मीच आईला बजावलंय, सिस्टर," मनोज म्हणाला. "त्याच्याशी गावचं बोलायचं नाही. कंपनीत एकदा मित्राला 'इकडे ये' म्हणायचं, तर माझ्या तोंडून आमच्या हरसूलकडचं 'अठ ये' निघालं. झालं! सगळे मला 'अठ ये'च म्हणायला लागले, अजून म्हणतात. माझ्या पोरावर ती वेळ नको. त्याला तुमच्यासारखं बोलता आलं पाहिजे."

तुमच्यासारखं! सिस्टरच्या हातात मी होतो म्हणून मला कळलं. त्यांनी मला एकदम मुठीत झाकून धरलं. त्यांची मान खाली गेली. इतकी वर्षं लपवून ठेवलेलं गाव त्यांच्यापुढे येऊन उभं राहिलं होतं. मी माझ्या लेबलाची लाज धरून बसलो होतो, आणि माझ्याच मालकिणीला आपल्या आईच्या बोलीची लाज वाटत होती. ती लाजच या घरात आदर्श म्हणून पोचली होती.

 मग भागीबाईकडे वळून म्हणाल्या, "मावशे, मी पन हरसूलकडलीच हाय गं. ह्याच्यात माझ्या आयची नागली हाय." आणि त्यांनी मला म्हातारीच्या हातात दिलं.

मनोज बघतच राहिला. भागीबाईनं मला कानाशी नेऊन वाजवलं, दाणे ओळखले आणि भीत भीत लेकाकडे पाहिलं. ते पाहणं मनोजला सोसलं नाही. आपली आई आपल्याला भिते! तो खालच्या मानेनं एवढंच म्हणाला, "बोल आई. माझं चुकलं."

"अठ ये र, माना पोसा," म्हातारी म्हणाली. माझ्या बाळा, इकडे ये. आवाज फाटका होता, पण हाक खरी होती. लखन अस्वलाला टाकून दुडुदुडु आला. बोलला नाही हं. आजीच्या मांडीवर चढला आणि आवाज कुठून येतो ते बघायला त्यानं तिच्या ओठांवर बोटं ठेवली. म्हातारी त्या बोटांआडून बोलतच राहिली. सिस्टर डोळे पुसत होत्या आणि ते लपवत नव्हत्या.

मला त्यांनी तिथंच ठेवलं. उन्हाळ्यापर्यंत घर नुसतं कलकलायला लागलं. एका संध्याकाळी मनोज कामावरून आला, बरोबर कंपनीतला मित्र होता. लखन मला आपटत उंबऱ्याशी उभा राहिला आणि बापाकडे बघून खणखणीत ओरडला, "अठ ये!"

मित्र खो खो हसला. मनोजचे कान लाल झाले. क्षणभर तो दारातच थबकला. मग चपला न काढताच आत धावला आणि मित्राच्या देखत लेकाशी त्याच बोलीत बोलू लागला.

मित्रांनो, माझी चिकटपट्टी आता पार निघाली आहे, नागली सांडते, आणि भागीबाई ती वेचून परत भरते. माझं एक ऐका. तुमच्या घरात कोणी तुमच्याजवळ बसूनही गप्प राहत असेल, तर आज त्यांना हाक मारा. त्यांच्याच बोलीत मारा, चारचौघांत मारा.