गफूरचाचाची किटली आणि जपानी पत्ती

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे आणि जुनी असल्याची मला मुळीच लाज वाटत नाही. नवापूरच्या स्टेशन रोडवर गफूरचाचाची टपरी आहे. तिथल्या शेगडीवर गेली एकतीस वर्षं माझाच मान आहे. माझ्या पोटाला दोन पोचे आले आहेत. झाकणाची मूठ केव्हाच तुटली. तिच्या जागी गफूरने बाभळीच्या लाकडाची गुंडी बसवली. पण माझी चोच बघा! अजूनही एक थेंब ग्लासाबाहेर पडत नाही. नव्या थर्मासांना हे जमत असेल तर त्यांनी खुशाल पुढे यावं.

मी अॅल्युमिनियमची. आमच्याकडे त्याला जर्मन म्हणतात. सुरतेच्या एका कारखान्यात पत्र्याची गोल तबकडी साच्यावर दाबून माझं पोट काढलं, मग चोच आणि कडी ठोकून बसवली. गफूर तेव्हा बावीस वर्षांचा होता. नवी टपरी टाकायची म्हणून तो रेल्वेने सुरतेला आला होता. भांड्याच्या दुकानात त्याने बारा किटल्यांत पाणी भरून ओतून पाहिलं. दुकानदार कंटाळला, पण हा हटेना. ज्या किटलीची धार वरून खालपर्यंत तुटली नाही, ती त्याने उचलली. ती मी होते.

तेव्हापासून माझ्या पोटात पाणी, दूध, साखर, पत्ती आणि ठेचलेलं आलं यांच्याशिवाय दुसरं काही गेलं नाही. कोंबड्यांच्या जाळ्या लादून सुरतेकडे निघालेले ट्रकवाले, पोल्ट्रीत काम करणारे मजूर, गाडीची वाट बघणारे लोक, सगळे माझाच चहा प्यायचे. गफूरचे दोन नियम होते. एकदा उकळलेला चोथा पुन्हा वापरायचा नाही. आणि प्रत्येक घाण्याचा पहिला घोट स्वतः घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला ग्लास द्यायचा नाही. त्याखेरीज एक रीतही होती. ओळखीचं गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, तुम्हीबी ल्या ना," आणि त्याच्याबरोबर गफूरलाही अर्धा ग्लास घ्यावा लागायचा. नाही म्हटलं तर त्या माणसाला वाईट वाटणार. असे दिवसाचे वीस-बावीस अर्धे ग्लास व्हायचे. तो काय प्यायला, किती प्यायला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मागच्या वर्षी त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला. एवढीशी जखम, पण दोन महिने झाले तरी भरेना. दवाखान्यात रक्त तपासलं, तर साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टर स्पष्ट बोलले. साखरेचा चहा आजपासून बंद, नाहीतर हा अंगठा काढावा लागेल.

गफूर टपरीवर आला आणि बाकावर बसून राहिला. त्याची बायको शकीला पट्टी बांधत होती.

"मी पिसू नही तं गिऱ्हाईकले कोना भरोसावर देसू?" तो म्हणाला. "त्यापेक्षा ईदनंतर टपरीच बंद करी देसू."

टपरी बंद झाली की मी भंगारात जाणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण खरं सांगते, मला त्या अंगठ्याचीच जास्त काळजी वाटत होती. माझी धार ओतणारा हात त्याच पायावर उभा राहायचा.

त्यांची मुलगी यास्मीन मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. ती हार मानणारी नाही. हा गुण बापाचाच. तिने मोबाईल पुढे धरला. "अब्बा, बिना दूधना, बिना साखरना चहाबी ऱ्हास. जपानमा लोके दिवसभर तोच पेतस. आपन मागाडी देखू."

पहिल्या खेपेला तिने घाई केली. पाकिटाच्या फोटोवर डोंगर आणि लाल सूर्य, खाली हजारो लोकांनी दिलेले तारे, त्यात सर्वांत स्वस्त. ते तिने मागवलं. पाकीट आल्यावर गफूरने चिमूटभर पत्ती तळहातावर घेतली, चोळली, हुंगली. पत्तीचा भुगा झाला आणि मेंदीसारखा वास सुटला.

"ही पत्ती जुनी शे," तो म्हणाला. "आनी हिनी जपान नकाशामाबी देखेल नही."

यास्मीनने पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचली. पत्ती कुठे पिकली, कधी खुडली, काहीच लिहिलेलं नव्हतं. फक्त एका गोदामाचा पत्ता होता. परत करायला गेली, तर फोडलेलं पाकीट घेत नाही असं उत्तर आलं. पोरगी फार हिरमुसली. तिचा चेहरा बघून गफूरलाच वाईट वाटलं असावं, कारण तो पहिल्यांदा त्या मोबाईलजवळ सरकून बसला.

"मी पत्तीवाल्या व्यापारीले काय इचारस, ते त्यास्ले इचार," तो सांगू लागला. "पत्ती कोना मळानी? कोना महिनामा तोडी? आनी डबाना फोटो नको, पत्तीना फोटो धाड म्हना."

यास्मीनने हेच प्रश्न नीट मराठीत लिहून पाच-सहा विक्रेत्यांना पाठवले. कुणी उत्तरच दिलं नाही. कुणी सवलतीची जाहिरात पाठवली. एकाने पुन्हा डब्याचाच फोटो पाठवला, तेव्हा गफूर मोठ्याने हसला. नाशिकहून योगिता नावाच्या बाईंचं उत्तर मात्र वेगळं होतं. त्यांनी स्वतःच्या तळहातावर पत्ती घेऊन फोटो काढला होता. खुडणीचा महिना आणि जपानमधल्या जिल्ह्याचं नाव कळवलं होतं. वर लिहिलं होतं की, आधी लहान पाकीट घ्या. आणि वर्षापूर्वीची पत्ती असेल तर माझ्याकडूनसुद्धा घेऊ नका.

"हाई बाई धंदा जानस," गफूर म्हणाला. मला त्या क्षणी त्या बाईंचा थोडा हेवा वाटला.

आठवड्याने कुरिअरवाल्याने पाकीट टपरीवरच आणून दिलं. आतून हवा काढलेली होती, त्यामुळे ते विटेसारखं घट्ट होतं. गफूरने ते कापलं. गर्द हिरवी, सुईसारखी बारीक पत्ती. ताज्या कापलेल्या चाऱ्याचा वास सगळ्या टपरीत पसरला. गफूरने डोळे मिटून तीनदा वास घेतला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा खुश दिसला.

आणि मग, मित्रांनो, आम्ही दोघांनी मिळून त्या पत्तीची वाट लावली. मला दोष कबूल आहे. एकतीस वर्षांत आम्हाला चहाची एकच रीत माहीत होती. माझ्यात पाणी टाकलं, आलं ठेचून टाकलं, मूठभर पत्ती टाकली आणि शेगडी मोठी करून चांगली पाच मिनिटं खळखळ उकळी दिली. हिरव्या पत्तीचा पिवळट काढा झाला.

तेव्हा दानियल बाकावर बसला होता. तो गुजरातच्या हद्दीजवळच्या डोंगरातल्या गावचा. पोल्ट्रीत पिल्लांच्या शेडवर काम करतो आणि रोज सकाळी कामावर जाताना टपरीवर थांबतो. गफूरने त्यालाही ग्लास दिला. दानियलने एक घोट घेतला, उठला आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकून आला.

"चाचा, हाई काय कोंबडीस्नं औषध शे का?"

गफूरचं तोंड आधीच कडू झालं होतं, आता मनही झालं. त्याने यास्मीनला तक्रार लिहायला लावली. 'चहा अतिशय कडू आहे. मी एकतीस वर्षांचा चहावाला आहे. मला फसवू नका.' खाली एकच तारा.

दुपारी योगिताबाईंचं उत्तर आलं. यास्मीनने ते मोठ्याने वाचलं. 'नमस्कार चाचा. पत्ती उकळली का? ही पत्ती उकळायची नसते. पाणी उकळून आधी निववा, मग पत्तीवर ओता आणि एक मिनिट थांबून गाळा. भांड्याला दुधाचा किंवा आल्याचा वास नको. आणि तीच पत्ती तीन वेळा वापरा.'

शेवटच्या वाक्याला गफूर ताडकन उभा राहिला. "चोथा परत वापरू? मी? चोथा वापरनारा चहावाला नही, चोर शे!"

पाकीट फळीवर गेलं. त्या रागात तो पुन्हा गोड चहाकडे वळला. तीन दिवस माझ्यातून स्वतःसाठी ग्लास भरत होता आणि मी काही करू शकत नव्हते. माझीच धार त्याचं नुकसान करत होती, याचं मला फार दुःख झालं. तिसऱ्या दिवशी शकीलाने पट्टी सोडली, तर जखम पुन्हा ओली झाली होती. तिने पदराने डोळे पुसले आणि नवी पट्टी बांधली.

हे दानियलने पाहिलं. ग्लास हातात फिरवत तो हळूच म्हणाला, "चाचा, एक दिवसनं पिल्लू ऱ्हास ना, त्याले बल्बनी गरमी जादा दिधी तं मरी जास. कमी दिधी तंबी मरी जास. ती पत्तीबी तशीच नाजूक व्हई."

गफूरने पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग त्याने फळीवरून पाकीट काढलं.

"अब्बा, पानी मोजाले थर्मामीटर मागाडू?" यास्मीनने विचारलं.

"कसाले? हात शे ना मन्हा."

पण आधी माझ्या पोटाचा वास काढायचा होता. ती दुपार मी विसरणार नाही. राख, चिंच आणि काथ्या घेऊन गफूर आणि शकीला दोघं मला घासत बसले. एकतीस वर्षांच्या दुधाचा आणि आल्याचा थर आतून निघत होता. तो थर माझी कमाई होती. मला रडू येत होतं, पण किटलीचं पाणी लोकांना दिसत नाही. घासून झाल्यावर गफूरने आत नाक घातलं आणि मान हलवली. माझ्या आत काहीच वास उरला नव्हता.

मग माझ्यात नुसतं पाणी उकळलं. मित्रांनो, नुसतं पाणी! आणि गफूरने ते केलं जे तो रोज गरम चहा गिऱ्हाइकाच्या जिभेला सोसेल असा करण्यासाठी करतो. मला डोक्याइतकं उंच धरून लांब धार ग्लासात सोडली. त्या ग्लासातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. दर वेळी ग्लास मुठीत धरून बघितला. पहिला धरवला नाही, दुसरा जेमतेम धरवला, तिसरा मूठ आवळून धरता आला. ते पाणी त्याने एका भांड्यातल्या पत्तीवर ओतलं. जपानी लोकही पाणी असंच एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून निववतात, हे यास्मीनने नंतर मोबाईलवर वाचून दाखवलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. धार म्हणजे काय ते मला आधीपासून माहीत होतं.

ग्लासात फिकट हिरवा चहा उतरला. गफूरने घोट घेतला. मग दुसरा घेतला.

"गोड शे," तो म्हणाला. "साखर नही, तरी घोट गिळावर पाछेतीन गोड लागस."

पहिला ग्लास संपला. पत्ती भांड्यात ओली, फुगून बसली होती. गफूरने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री केली आणि गुपचूप दुसऱ्यांदा पाणी ओतलं. शकीलाने बघितलंच. ती खुदकन हसली.

"हाऊ चोथा नही," गफूर घाईने म्हणाला. "आते तं पत्तीना डोया उघडनात."

संध्याकाळी त्याने तक्रार बदलायला लावली. 'चहा चांगला आहे. चूक माझी होती. पाणी निववून ओता.' खाली पाच तारे दिले.

त्यालाही आता आठ महिने झाले. ईद येऊन गेली, टपरी चालूच आहे. माझ्यात आता नुसतं पाणी उकळतं; दुधाच्या चहासाठी नवी स्टीलची किटली आली. तिची धार मध्येच तुटते, पण शिकेल. पहिला घोट आता शकीला घेते. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "यास्मीनना अब्बा, अद्रक कमी शे. कायम कमीच ऱ्हास." एकतीस वर्षांत तिला कुणी चव विचारली नव्हती. आता आलं वाढलंय आणि गिऱ्हाईकही. ओळखीचं कुणी "तुम्हीबी ल्या" म्हणालं की गफूर आपला हिरवा ग्लास उचलून दाखवतो. त्यामुळे कुणाला वाईटही वाटत नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पाय तपासला, जखम भरली होती. गफूरने मोठ्या अभिमानाने जपानी पत्तीचं नाव सांगितलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "गुण पत्तीचा नाही, चाचा. जी साखर घेतली नाही तिचा आहे, आणि वेळेवर केलेल्या पट्टीचा." ते बरोबर बोलले. फुकटचं श्रेय मला नको, पत्तीलाही नको. पण हातात दुसरा ग्लास नसता तर साखरेचा ग्लास सुटला नसता, एवढं मी ठामपणे सांगते.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना घासून पुसून ठेवा, हे मी सांगायला नको. माझं मागणं वेगळं आहे. जो माणूस दिवसभर तुमच्यासाठी चहा ओततो, त्याला कधीतरी विचारा, "चाचा, तुम्ही आज काय घेतलं?" दानियल आता रोज सकाळी विचारतो. गफूर ग्लास वर करून दाखवतो, आणि मी शेगडीवरून खाली त्याच्या पायाकडे बघते. चपलेत पाचही बोटं आहेत.