स्लोचा स्क्रू

ताईची नाव जोरात चालायची. खरं सांगायचं तर ती फक्त जोरातच चालायची, आणि तेच तिचं दुखणं होतं.

मधल्या पाण्यात इंजिन अगदी गुणी बाळासारखं वागे. धक्का जवळ आला, ताईने रेस कमी केली, की मात्र दोन आचके द्यायचं आणि गप्प. मग नाव आपल्या मर्जीने हवं तिथे जायची. परवा ती धक्का सोडून कपडे धुण्याच्या पायऱ्यांना लागली आणि दातांचे डॉक्टर, बॅग डोक्यावर धरून, कुणाच्या तरी पिळून ठेवलेल्या चादरीवर उतरले. तेव्हापासून ते नावेत पाय ठेवण्याआधी विचारायचे, "आज नक्की कुठे जातोय आपण?"

ताई या नावेची मालकीण आणि चालकही. पस्तिशीची होती, पण तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. बाबांनी चाळीस वर्षं ही नाव या काठावरून त्या काठावर नेली आणि तीन वर्षांपूर्वी लेकीच्या हाती दिली. त्या दिवशी याच धक्क्यावर ताईने त्यांना हळूच काहीतरी विचारलं होतं. बाबांनी मान डोलावून, "हो हो, डिझेल भरलंय," असं उत्तर दिलं होतं. बाबांचे कान तेव्हाच कामातून गेलेले. पण त्यांचं म्हणणं, कान ठणठणीत आहेत, हल्ली लोकच पुटपुटतात.

नाव देताना बाबांनी चारचौघांत शब्दही दिला होता, "आजपासून इंजिनाला माझं बोट लागणार नाही." तो त्यांनी पाळला. फक्त घरी बसणं काही त्यांना जमलं नाही. रोज सकाळी ते येत आणि इंजिनाच्या लाकडी पेटीवर बसून दिवसभर फुकट प्रवास करत. महिन्यापूर्वी ताईने हट्टाने त्यांच्या कानाला यंत्र बसवून आणलं, तेव्हापासून तर त्यांची मजाच होती. मागच्या बाकावर कोण कुणाच्या सुनेबद्दल काय म्हणालं, ते सगळं आता बाबांना कळे.

मजा नव्हती ती ताईची. गुरुवारी परवान्याची तपासणी होती. नाव धक्क्याला बांधायची, इंजिन स्लोवर, म्हणजे अगदी कमी रेसवर, ठेवायचं आणि ते दहा मिनिटं न थांबता चाललं पाहिजे. थांबलं तर परवाना गेला आणि नाव काठावर. चाळीस वर्षांत ही नाव बाबांच्या हाती एकदाही नापास झाली नव्हती. ती आपल्याच हाती व्हायची आहे, या विचाराने जेवताना ताईचा घास तोंडातच फिरत राही.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. सलूनवाला म्हणाला, डिझेलात पाणी असणार, सगळं काढून टाका. काढलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, फिल्टर बदला, आमच्या ह्यांच्या गाडीला हेच झालं होतं. बदललं. डॉक्टर म्हणाले, थोडी विश्रांती द्या. ताईने डॉक्टरांकडे असं पाहिलं, की त्यांनी उरलेला प्रवास वर्तमानपत्राच्या आड केला.

शेवटी ती मिस्तरीकडे गेली. मिस्तरी मोठी असामी. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून ऐकायचा. त्याने नळीतली हवा काढली, कमी रेसला इंजिन किती फिरावं ते ठरवणारा स्लोचा स्क्रू जरा वर चढवला आणि आपल्या शेडपुढे इंजिन दोन तास स्लोवर चालवून दाखवलं. मधे एकदा उचकीसुद्धा नाही. ताईच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याच खेपेला, धक्क्यापासून वीस हातांवर इंजिन बंद.

"माझ्याकडे चालतं, तुमच्याकडे बंद पडतं," मिस्तरी दुखावून म्हणाला. "म्हणजे दोष इंजिनात नाही. धक्क्यात आहे."

ताईने पेटी उघडून पाहिली. स्लोचा स्क्रू खाली उतरला होता. तिने चढवला. संध्याकाळी पुन्हा खाली. मिस्तरीने निदान केलं, "थरथरीने फिरतोय. हलू नये म्हणून वर काहीतरी लाव." ताईकडे लग्नसमारंभापुरती ठेवलेली लालभडक नेलपॉलिशची बाटली होती. तिने स्क्रूच्या माथ्यावर एक थेंब लावला. दुसऱ्या दिवशी नेलपॉलिश तडकलेलं आणि स्क्रू खाली. मग तिने दोन थेंब लावले, मग तीन. बुधवारपर्यंत अर्धी बाटली इंजिनावर गेली. इंजिन नटलं, पण सुधारलं नाही.

बाबा हे सगळं बघत पेटीवर बसलेले असत, हातात नेलकटर घेऊन. हल्ली त्यांना नखांची भारीच काळजी. "हात हलका ठेव गं," एवढंच ते अधूनमधून सांगत. "माझ्या हातात असताना कधी पडलं नाही." हे ऐकून ताईला रडू यायचं, कारण ते खरं होतं.

गुरुवारी ती सकाळीच धक्क्यावर हजर. स्क्रू चढवला, उरलेलं नेलपॉलिश त्यावर ओतलं, फुंकर मारून वाळवलं, इंजिन सुरू केलं. एकदम झकास. बाबांना पेटीवर बसवून ती साहेबांना आणायला पायऱ्या चढून वर गेली. तपासनीस साहेब म्हणजे उंच, किडकिडीत माणूस, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. ते पायऱ्या उतरले, नावेत एक पाय ठेवला, आणि इंजिनाने दोन आचके दिले.

मग शांतता. दूरवर एक बदक ओरडलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. ताई पुढे झाली. "साहेब, एकदा. फक्त एकदा अजून," ती म्हणाली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "पाच मिनिटं देतो. मग मात्र लिहिणार."

ताईने बाबांना बाजूला सरकवून पेटी उघडली. स्क्रू खाली. नेलपॉलिशचा ताजा टवका बाजूला पडलेला. थरथरीला दहा मिनिटांत हे कसं जमलं? तिने मान वर केली. बाबा नखं कापत होते. म्हणजे कापल्यासारखं करत होते, कारण दहाही नखं मुळापर्यंत संपली होती. आणि नेलकटरच्या पट्टीला लाल रंग लागला होता.

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "ते इकडे द्या."

"कशाला?" बाबांनी नेलकटर मुठीत लपवलं, अगदी शाळेतल्या पोरासारखं.

"शब्द दिला होता ना तुम्ही? बोट लावणार नाही म्हणून?"

"बोट कुठे लावलं? नेलकटर लावलं." मग ते ओशाळले. "तू फार वर ठेवतेस गं. केवढं बोंबलतं ते! माझ्या वेळी कधी असं वाजलं नाही. म्हटलं, तोंडावर सांगितलं तर तुला वाईट वाटेल. गुपचूप उतरवत होतो, नेहमीसारखं वाजेपर्यंत."

ताईने कपाळावर हात मारला. बाबांना सरळ पाण्यात ढकलून द्यावं असं तिला मनापासून वाटलं. मग तिची नजर त्यांच्या कानातल्या यंत्रावर गेली, आणि तिला हसावं की रडावं कळेना.

तिने स्क्रू चढवला, इंजिन सुरू केलं. बाबांनी चेहरा वेडावाकडा केला. "बघ, बघ कसं—"

"बाबा, कानातलं काढा."

बाबांनी यंत्र काढलं. थोडा वेळ ते मान तिरकी करून ऐकत राहिले. मग त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. चेहरा हळूहळू बदलला.

"हेच," ते म्हणाले. "हेच ते. अगदी बरोबर वाजतंय."

"ते नेहमी असंच वाजायचं, बाबा. बंद पडत होतं ते तुमच्या नेलकटरने."

हे बाबांना अर्थातच ऐकू आलं नाही.

साहेबांनी शिट्टी वाजवली, घड्याळ लावलं. ताई दोर गच्च धरून उभी राहिली, जसं काही इंजिन त्या दोरावरच चाललंय. चार मिनिटं झाली, सहा झाली. सातव्या मिनिटाला साहेबांनी वेळ जावा म्हणून चौकशी केली, "आजोबा, वय काय तुमचं?"

"पूर्ण भरलंय," बाबा जोरात म्हणाले. "कालच भरलं."

दहा मिनिटं झाली. साहेबांनी सही केली, शिक्का मारला आणि पायऱ्या चढून गेले. ताई मटकन बाकावर बसली. इंजिन आपलं थडथडतच होतं.

माणसं चढू लागली. डॉक्टर, बाई, सलूनवाला. बाबांनी यंत्र पुन्हा कानात घातलं, तोंड वाकडं केलं, पण पेटीला हात लावला नाही.

"म्हणजे किती वर्षं मला नीट ऐकू येत नव्हतं गं?" त्यांनी विचारलं.

"दहा तरी."

"दहा." बाबांनी बोटांवर मोजून पाहिलं. "मग तू नाव घेतलीस त्या दिवशी इथेच मला काहीतरी विचारलं होतंस. मी काय म्हणालो?"

"डिझेल भरलंय म्हणालात."

"आणि तू काय विचारलं होतंस?"

ताई दोराची गाठ सोडत होती. तिचा हात थांबला. "मला एकटीला जमेल का," ती म्हणाली, इंजिनाच्या आवाजात, नेहमीच्याच साध्या आवाजात. तीन वर्षांपूर्वीही तिने असंच, न ओरडता विचारलं होतं; या वेळी त्यांना ऐकू आलं.

बाबांनी खिशातून नेलकटर काढलं, धोतराच्या सोग्याला त्याचा लाल रंग पुसला आणि तिच्या हातात ठेवलं.

"जमेल!" ते ओरडले. दहा वर्षांची सवय, ती काय एका महिन्यात जाते?

सलूनवाला दचकला. "काय जमेल?"

"ज्याचं त्याला कळलं," ताई डोळे पुसत म्हणाली, आणि तिने दोर सोडला.