पोटातल्या अक्षता

जुन्या विमानाला गिऱ्हाईक आलं की सहदेव आधी गिऱ्हाइकाचे बूट बघायचा. बूट चकचकीत असले, की माणूस रंग बघणार, सीटचं कापड चाचपणार आणि पंखाशेजारी उभं राहून फोटो काढून घेणार हे ठरलेलं. असल्यांपेक्षा त्यांच्या ड्रायव्हरला विमानातलं जास्त कळायचं. उत्तरा आली ती मळक्या कॅनव्हासच्या बुटांत. बगलेत वही, हातात टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा. सहदेवला बरं वाटलं.

शहाऐंशीचा डिसेंबर होता. जुहूच्या एरोड्रोमवर सकाळचा खारा वारा सुटला होता आणि हँगरात ते चार सीटचं, एका इंजिनाचं विमान धुऊनपुसून उभं होतं. त्याचे मालक चंद्रप्रकाश, विक्रोळीचे कारखानदार, मे महिन्यात हृदयविकारानं गेले. त्यांच्या पत्नी विमलाबाई खुर्ची टाकून हँगरच्या दाराशी बसल्या होत्या. पैशाची त्यांना ददात नव्हती. उडवणाऱ्या माणसाच्याच हाती विमान द्यायचं, एवढाच त्यांचा हट्ट होता.

सहदेव तिथल्याच फ्लाइंग स्कूलचा लायसन्सवाला इंजिनियर. स्कूलची दोन विमानं त्याच्या हाताखाली होती आणि चंद्रप्रकाशांचं हे तिसरंही बारा वर्षं त्यानंच सांभाळलं होतं. त्याची सही असली की वैमानिक डोळे मिटून आत बसत. उत्तरा पार्ल्याची, सहा वर्षांपूर्वी इथेच उडायला शिकलेली. आता तिला कऱ्हाडच्या धावपट्टीवर स्वतःची उड्डाणशाळा काढायची होती. जुनं विमान घेताना बाहेरचा इंजिनियर आण, असं तिला चार जणांनी बजावलं होतं. तिनं ऐकलं नाही. "सहदेवकाकांनी सांभाळलेलं विमान, ते दुसऱ्याला काय दाखवायचं?" म्हणाली.

खरं तर सहदेवनं तेव्हाच हात जोडून नाही म्हणायला हवं होतं. स्वतः रांधायचं आणि स्वतःच चाखून वा वा म्हणायचं, असला तो प्रकार. पण पोरीनं विश्वास टाकला याचा त्याला अभिमान वाटला आणि अभिमानानं माणसाची अक्कल कशी पेंड खाते ते आपण सगळेच जाणतो.

"आधी कागद, मग पत्रा," त्यानं सुरुवात केली. "कागद हरवलेत म्हणणाऱ्याकडून विमान घेऊ नकोस, फुकट दिलं तरी. विमान किती तास उडलं हे विचारतात सगळे. तू विचार, किती दिवस नुसतं उभं होतं. उडणाऱ्यापेक्षा उभं राहिलेलं लवकर सडतं."

"इथे तर समुद्र उशाशीच," उत्तरा लिहिता लिहिता म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय."

दोन तास त्यांनी विमान बोटाबोटानं तपासलं. प्रोपेलरच्या कडेवरून नख फिरवून कुठे टवका उडालाय का ते पाहिलं. तेलाची जाळी काढून तिच्यात धातूचा चुरा नाही ना, म्हणून लोहचुंबक फिरवलं. शेपटीकडे जाणाऱ्या तारांवरून सहदेवनं जुनं धोतराचं फडकं ओढून दाखवलं. तारेतला एखादा जरी धागा तुटला असला तरी तो फडक्याला अडकतो, डोळ्यांना मात्र दिसत नाही. रंगाची छटा कुठे वेगळी दिसली की तिथे काय झालं होतं ते विचारायचं, पत्रे जोडणाऱ्या रिबिटांभोवती काळा ओघळ दिसला की रिबिट ढिलं समजायचं, हे सगळं त्यानं सांगितलं आणि तिनं टिपून घेतलं. विमान प्रत्येक परीक्षेत पास होत होतं. सहदेवचा आवाजही हळूहळू चढत होता. आपलीच तारीफ आपल्याच तोंडून करायची अशी संधी किती वेळा मिळते!

"आता मागची सीट काढू या," उत्तरा म्हणाली.

"तिथे कशाला? पुढची फळी उघडून तळ दाखवला ना तुला. चांदीसारखा आहे."

"पुढचा दाखवलात. पंखाचा दांडा खाली ज्या चौकटीला बोल्टनं धरलाय, ती चौकट मागच्या सीटखाली येते ना?"

"येते. पण सीटचे रूळ काढावे लागतात. अर्धा दिवस जाईल. मी दर वर्षी पुढून टॉर्च मारतो, दिसतं सगळं."

यात खोटं काही नव्हतं. बारा वर्षं तो पुढूनच टॉर्च मारत होता. पहिली दोन वर्षं त्यानं रूळही काढले होते. मग विमान ओळखीचं झालं आणि ओळखीच्या माणसाची झडती कोण घेतो?

"रूळ राहू देत," उत्तरा म्हणाली. "सहा स्क्रूंची ती छोटी पट्टी काढा. माझा हात बारीक आहे, जाईल."

त्यानं पट्टी काढली. तिनं पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपलं आणि मूठ बाहेर काढून उघडली. तळहातावर काळपट ओला गाळ होता आणि त्यात काही दाणे. तिनं एक दाणा अंगठ्यानं पुसला.

"काका, हे तांदूळ आहेत?"

सहदेवनं तो दाणा ओळखला.

ते तांदूळ त्याचेच होते. त्याचं गाव देवगडजवळ. नवी होडी पाण्यात घालताना आणि पुढे दर वर्षी नारळी पुनवेला त्याची आई होडीच्या पोटात मूठभर अक्षता आणि फुलं टाकायची. वर सगळ्यांना दिसतील अशी नव्हे, तर तळाशी, फळ्यांच्या खाली. पोट भरलेलं असलं की होडी माणसाला गिळत नाही, म्हणायची. सहदेव मुंबईला आला, विमानांवर काम करू लागला आणि खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की हँगरात एकटाच मागे राहून प्रत्येक विमानाची पुढची फळी उघडू लागला. हळदकुंकू लावलेल्या अक्षतांची एक मूठ आणि झेंडूच्या पाकळ्या आत सोडायच्या, हात जोडायचे, फळी बंद. वर्षभरानं पुन्हा उघडल्यावर तळ स्वच्छ दिसायचा. वाऱ्यानं गेलं असेल, देवानं घेतलं असेल, असं काहीसं तो समजून चालला होता.

विमान नाक वर करून चढतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. चढताना पोटातलं सगळं मागे घरंगळतं, हेही शेंबड्या पोराला कळावं. पण या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नाहीत. मागे घरंगळलेले तांदूळ पाणी निथळायच्या भोकांवर बसले, फुगले आणि भोकं बुजली. विमानाच्या दारातून झिरपणारं पावसाचं पाणी तिथे साचून राहिलं, कुंकवातला चुना आणि समुद्राचं मीठ त्यात उतरलं. होडीच्या लाकडाला याचं काही वाटलं नसतं.

"काका?"

"उंदीर," सहदेव म्हणाला. "हँगरात उंदीर फार. कुठूनतरी ओढून आणतात."

तिनं वहीत लिहिलं, 'उंदीर'. मग हात पुसत म्हणाली, "मग पट्टी लावून टाका. दुपारी एक फेरी मारते आणि बाईंना हो म्हणून सांगते."

सहदेवनं पट्टी जागेवर धरली. पहिला स्क्रू बसला. चोवीस वर्षांत कुणी त्याच्या कामावर बोट ठेवलं नव्हतं. दोन वर्षांत तो निवृत्त होणार होता. दुसरा स्क्रू बसला. चौकट कदाचित धडधाकटही असेल, नुसता गाळ असेल. कऱ्हाडला गेल्यावर सवडीनं उघडायला सांगता येईल. तिसरा स्क्रूही बसला. चौथा त्यानं हातात घेतला.

तेवढ्यात बाहेर धावपट्टीवरून स्कूलचं विमान वर गेलं. पत्र्याचं छप्पर थरथरलं.

"कोण गेलं?" उत्तरानं दाराकडे बघत विचारलं.

विमलाबाई म्हणाल्या, "ती जया. आज पहिल्यांदा एकटीच जातेय. मघाशी किती आनंदात होती!"

सहदेवनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अक्षता त्यानं फक्त याच विमानाला घातल्या नव्हत्या.

"उत्तरा, ते उंदीर खोड," तो म्हणाला. "माझ्याच हातान झाला गो ह्या. ते तांदूळ मी घातलेत, खंडेनवमीच्या फुलांबरोबर. दर वर्षी. मूठ मूठ."

जयाला खाली बोलवायचं तर आधी खात्री हवी होती. त्यानं लावलेले स्क्रू घाईघाईनं पुन्हा काढले, लांब दांडीची खरवडणी घेतली आणि आरशात बघत चौकटीच्या खालच्या कडेवर नुसती टेकवली. ॲल्युमिनियमचे पदर सुटून आले, खारी बिस्किटाचे सुटतात तसे. बोल्टाच्या भोवती बोटभर जागेत धातू असा उरलाच नव्हता. वरून रंग तेवढा शाबूत होता.

उत्तरानं आरसा घेऊन स्वतः पाहिलं. तिनं आरसा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही हे बंद करत होतात."

"होय."

"मी दुपारी बसणार होते यात."

"होय गं."

विमलाबाई उठून जवळ आल्या होत्या. त्यांना पत्रा, बोल्ट यातलं काही कळत नव्हतं, पण माणसांचे चेहरे कळत होते. "सहदेव, हे दर रविवारी यातून पुण्याला जायचे," त्या म्हणाल्या. "म्हणजे तेव्हाही...?"

"होय, बाई. केव्हाही पंख सुटला असता."

"आणि खंडेनवमीची ती फुलं मीच पाठवत होते तुम्हाला." त्या परत जाऊन खुर्चीवर बसल्या. सहदेवला वाटलं, त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण थांबायला वेळ नव्हता.

तो हँगरातून बाहेर पडला आणि अठ्ठावन्न वर्षांच्या पायांनी जमेल तसा गवतातून पळत सुटला. धावपट्टीच्या कडेला इन्स्ट्रक्टर अनंत उभा होता. कमरेवर हात, नजर आकाशात. दूर वर्सोव्याच्या अंगाला जयाचं विमान वळण घेत होतं.

"तिला खाली बोलव," सहदेव धापा टाकत म्हणाला आणि श्वास पुरेल तसं सगळं सांगितलं.

अनंतनं आकाशाकडे बोट केलं. "याही विमानात?"

"यातही. त्या दुसऱ्यातही. आतून कसं आहे, मला माहीत नाही. मी बघितलंच नाही."

"अरे, मग बघत काय होतास इतकी वर्षं!" अनंत ओरडला. मग त्यानंच स्वतःला आवरलं. "हे बघ, एकच फेरी आहे तिची. उतरायच्याच वाटेवर आहे. टॉवरमधून काही सांगितलं तर घाबरेल आणि आपटेल. आता तिला गुपचूप येऊ दे. दुसरं काही करता येत नाही."

म्हणून दोघं नुसते उभे राहिले. सहदेवनं आयुष्यात हजार विमानं उतरताना पाहिली असतील. या विमानाचे दोन्ही दांडे त्याला आज वेगळेच दिसत होते, पंखापासून पोटापर्यंत आणि पोटात त्या जागेपर्यंत. त्याला देव आठवला, पण त्याच्याकडे काही मागायची लाज वाटली. मूठभर अक्षता घालून आपण बघायचं काम देवावर ढकललं होतं, हे त्याला त्या चार मिनिटांत कळून चुकलं. आई होडीत अक्षता घालायची खरी, पण त्याआधी बाबा दोन दिवस तिची फळी न् फळी ठोकून बघायचे.

विमान खाली आलं. चाकं टेकली, जरा जोरात टेकली, एकदा उसळली. सहदेवनं अनंतचा दंड धरला. मग विमान सरळ धावलं, मंदावलं, वळून त्यांच्यापाशी आलं आणि इंजिन बंद झालं.

जया उडी मारूनच उतरली. एकोणीस वर्षांची पोर, कपाळावर घाम, हसू ओठांत मावत नव्हतं. अनंत काही बोलायच्या आत ती त्याच्या पाया पडली. मग वळून सहदेवपुढे वाकली.

"काका, विमान एकदम झकास! तुम्ही आहात म्हणून आईनं सोडलं मला एकटीला."

सहदेवनं पाय मागे घेतले. पाठीमागून उत्तरा आणि विमलाबाई गवतातून येत होत्या, हँगरातली पोरंही जमू लागली होती. त्या सगळ्यांसमोर बोलावं लागणार होतं. त्यानं जयाचे दोन्ही खांदे धरून तिला उभं केलं.

"पाया नको पडू, बाय," तो म्हणाला. "आधी मी काय केलंय ते ऐक."