कोळंबीच्या मिशा

कॅनडातल्या विंडसरच्या मोटार कारखान्यात युजीन लोपिसने उभी हयात गाड्यांना रंग दिला, आणि रिटायर झाल्यावर त्याचा हात काही केल्या थांबेना. पहिल्याच विंटरमध्ये त्याने बेसमेंट रंगवलं, मग गराज, मग वॉशरूमचं दार आतून-बाहेरून. एक दिवस त्याची बायको शर्लिन ग्रोसरी घेऊन परत आली, तर मेलबॉक्स जांभळा. तिने दूध फ्रिजमध्ये ठेवलं, नवऱ्याला गाडीत कोंबलं आणि थेट कम्युनिटी सेंटर गाठलं.

"याला काहीही शिकवा," ती काउंटरवरच्या बाईला म्हणाली, "पण घराबाहेर ठेवा."

योगा फुल होता. साल्सा फुल होता. मिसेस ल्यूंच्या चिनी शाईचित्रांच्या वर्गात तेवढी एक जागा होती.

मिसेस ल्यू बुटक्या, सत्तरीच्या, आणि त्यांना घाई हा प्रकारच माहीत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी युजीनच्या हातात ब्रश दिलाच नाही. दिली एक काळी कांडी आणि एक दगड. काजळी आणि सरस घोटून केलेली ती शाईची कांडी. दगडावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि ती गोल गोल उगाळत बसायची. युजीनला वाटलं, ही तर आपली सहाण! आई यावरच जायफळ उगाळायची. पण इतका वेळ? घरी जाऊन त्याने कांडी ड्रिलला लावली आणि बटण दाबलं. गराजची पांढरी भिंत एका क्षणात चित्त्यासारखी ठिपकेदार झाली. युजीनला मनातून आनंदच झाला, कारण ती परत रंगवावी लागणार होती.

कागदाने मात्र त्याचा जीव काढला. म्हणायला राइस पेपर, पण त्यात तांदूळ औषधालाही नाही. शाई टेकवली रे टेकवली की तो अशी ओढून घ्यायचा, जणू चार दिवसांचा तहानलेला. कारखान्यात रंगाचा ओघळ म्हणजे महापाप. इथे मिसेस ल्यू म्हणायच्या, "पसरू द्या, पसरू द्या!" आणि युजीन डोळे मिटून घ्यायचा.

मग कोळंबी आली. पातळ शाईत ब्रश भिजवायचा आणि एका दाबात तिचं एकेक पेर उठवायचं. वसईच्या माणसाला कोळंबी काय शिकवायची! युजीनची कोळंबी पहिल्या दिवसापासून अशी गुबगुबीत यायची की वर्गातल्या लोकांना भूक लागायची. घोडं अडलं ते मिशांपाशी. कोळंबीच्या मिशा गडद शाईत, ब्रशच्या नुसत्या टोकाने, एका श्वासात ओढायच्या असतात. स्प्रेगन धरून घट्ट झालेल्या युजीनच्या मनगटातून निघायच्या त्या शेवग्याच्या शेंगा.

"कोळंबी सुंदर आहे," मिसेस ल्यू म्हणाल्या. "पण तिने चॉपस्टिक्स का धरल्यात?"

त्याच आठवड्यात लंडनहून वॉरेन आला. लंडन म्हणजे ऑन्टारिओमधलं, राजाचं नव्हे. वॉरेन हा शर्लिनचा मोठा भाऊ आणि युजीनचा वसईच्या शाळेतला दोस्त. त्याच्या मिशा पांढऱ्याशुभ्र, झुपकेदार, दोन्ही टोकं गालांच्या बाहेर. चर्चमध्ये शांतीची खूण करताना समोरच्याला आधी मिशा पोचायच्या, मग हात.

युजीन डायनिंग टेबलावर चित्र काढत बसला होता. वॉरेनने सहाणीवर नाक नेलं.

"कापराचा वास येतोय रे!" तो म्हणाला आणि तसाच कागदावर वाकला, कारण चष्मा वरच्या खोलीत राहिला होता. "कुठाय तुझी कोळंबी? ही? हॅ!"

'हॅ' म्हणताना त्याने मान हलवली. मिशांची टोकं शाईत बुडालेली आहेत हे त्या बापड्याला ठाऊक नव्हतं. त्याने मान वर केली तेव्हा कागदावर कोळंबीच्या डोक्यापासून निघालेल्या लांब, केसासारख्या बारीक, लवलवत्या रेघा होत्या.

"जीझस," युजीन पुटपुटला. कोळंबी जिवंत झाली होती. आता उडी मारेल आणि शर्लिनच्या कढईत पडेल अशी.

पुढच्या वर्गात मिसेस ल्यूंनी ते चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिलं.

"इतका मोकळा हात! कुठला ब्रश वापरलात?"

खरं सांगायला युजीनची जीभ रेटेना. "इम्पोर्टेड आहे."

"कसले केस? बकरीचे?"

"नाही. जरा... जंगली."

"मुंगसाचे?"

"त्याच्याच फॅमिलीतला."

मिसेस ल्यू खूश झाल्या. चिनी नववर्षाच्या ओपन डेला युजीनने सगळ्यांसमोर कोळंबी काढून दाखवायची, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

युजीनने रात्रंदिवस सराव केला. शेंगाच आल्या. शेवटी त्याने वॉरेनला फोन लावला.

"मिशा थोड्याशा कापून दे ना. मी ब्रश बनवतो."

"एका केसाला हात लावलास तर बघ!" वॉरेन गरजला. "लग्नात सासऱ्याने सांगितलं तरी कापल्या नव्हत्या."

शर्लिनने फोन घेतला. "दादा, शनिवारी डुकराचं सोरपोतेल करतेय. सोबत तळलेले फुगे."

पलीकडून आवाज आला, "कापायच्या नाहीत. पण मी येतो."

शनिवारी ओपन डेला हॉल भरला होता. युजीनने एकेका दमात कोळंब्या काढल्या, आणि टाळ्या पडल्या. मिशांची वेळ आली तेव्हा त्याने घसा खाकरला.

"आता माझा ब्रश."

सुटाबुटातला वॉरेन पुढे आला. लग्नाच्या रजिस्टरवर सही करायला आल्यासारखा गंभीर चेहरा करून त्याने मिशा सहाणीत बुडवल्या. युजीनने त्याचे दोन्ही कान धरले, त्याला कागदावर वाकवलं आणि झपकन डावीकडे फिरवलं. मग उजवीकडे. शर्लिनने पर्स तोंडापुढे धरली.

शेवटच्या कोळंबीपाशी शाई वॉरेनच्या नाकात गेली.

"युजीन, सोड," तो कुजबुजला. "सोड, मला—"

त्या शिंकेने पहिली रांग दचकली. कागदभर काळे शिंतोडे! उभ्या आयुष्यात युजीनने अशी एक गाडी लाइनवरून पुढे जाऊ दिली नव्हती.

मिसेस ल्यू उठून जवळ आल्या. त्यांनी आधी कागद पाहिला, मग वॉरेनला.

"हा तुमचा जंगली ब्रश?"

"सॉरी, मॅडम," युजीन म्हणाला. "तुम्ही एवढं कौतुक केलंत, मग सांगता आलं नाही."

त्यांचे खांदे हलू लागले. त्या इतक्या हसल्या की कोणीतरी खुर्ची आणून दिली. मग डोळे पुसत त्यांनी आपला ब्रश उचलला आणि प्रत्येक शिंतोड्याला एकेक इवली शेपटी लावली. पाहता पाहता कोळंब्यांभोवती माशांची पिल्लं पोहू लागली.

"पडलेली शाई पुसायची नसते," त्या म्हणाल्या. "आणि मंगळवारी याही गृहस्थांना घेऊन या."

चित्र सेंटरच्या लॉबीत लागलं, खाली दोघांची नावं. वॉरेन आता दर मंगळवारी फोर-ओ-वन हायवेवरून गाडी हाकत विंडसरला येतो. हातात ब्रश दिला की त्याच्या कोळंबीच्या मिशा युजीनच्याहून जाड येतात, आणि त्यामुळे युजीन फार सुखात आहे.

शाई मात्र वॉरेनच्या मिशांवरून लवकर उतरली नाही. साबण झाला, खोबरेल झालं. ओपन डेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो तशाच कुळकुळीत मिशांनी मिस्साला गेला. दुपारी त्याची बायको कॅथरिन हिचा फोन आला. शर्लिनने घाबरतच उचलला.

"शर्लिन, काय केलंत गं माझ्या नवऱ्याला?"

"अगं, चुकून—"

"वीस वर्षांनी तरुण दिसतोय! ती कांडी कुठे मिळते ते सांग आधी. डोक्यालाही लावते त्याच्या."