डोकं फिरतंय, एवढेच तो म्हणाला होता

मी काळा चष्मा. वाचकहो, मला डोळ्यांवर चढवून मिरवणारे पुष्कळ. माझा धनी मात्र माझ्याआड लपत असे. त्याची हकिगत मीच सांगणे उचित, कारण त्याचे डोळे माझ्याइतक्या जवळून कोणीच पाहिलेले नाहीत.

मुंबईतल्या एका कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या. १९८९ साली लष्करी रुग्णालयातून घरी निघालेल्या नायक जगन कोळी याने मला विकत घेतले. श्रीलंकेत त्याच्या गाडीखाली सुरुंग फुटला होता. अंगावर ओरखडाही नव्हता. परंतु तेव्हापासून उजेड त्याच्या डोळ्यांत सुईसारखा शिरे आणि चालताना जमीन कलंडे.

पनवेलच्या खाडीकाठी त्याची वस्ती. "माजं डोकं फिरतंय," असे त्याने आल्याआल्याच सांगितले. त्याला घेरी म्हणायची होती; लोकांनी वेड ऐकले.

"काय रं जगन, डोकं लंकेत ठेवलंस नं नुसता चष्मा घेऊन आलास?" जाळे विणता विणता चुलतभाऊ काशिराम ओरडला. सगळे हसले. जगनही हसला. ते वाक्य त्याने पुन्हा उच्चारले नाही.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्याला पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. पत्रे आदळले की तो जमिनीवर आडवा होई. त्याचा तोल जातो म्हणून मालकाने त्याला दारुडा ठरवून काढून टाकले. त्याने दारूला कधी स्पर्शही केला नव्हता. घरी त्याची बायको मालू हिनेही त्याचे तोंड हुंगले. तेव्हा माझ्या काचांमागे साठलेले पाणी तिला दिसले नाही.

पुढे एका सकाळी त्याने मला स्वच्छ पुसले, मिटले आणि मालूच्या मासळीच्या पाटीत ठेवले. मग तो उघड्या डोळ्यांनी उन्हात निघून गेला. पाटी उचलताना मी तिच्या हाताला लागलो. माझ्याविना हा माणूस उंबरठा ओलांडत नाही, हे ती जाणून होती. मला मुठीत धरून ती बंदराकडे धावली.

तो धक्क्याच्या टोकाशी उभा होता.

"आवो! डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरतंय, मालू. खरंच फिरतंय, भोवऱ्यासारखं. उभं राहवत नाय. रोज वाटतं, संपवावं एकदाचं."

ती थबकली. मग तिने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "येडी मी. तुमी घेरी सांगत होता, नं मी भलतंच ऐकलं. बसा आदी खाली."

तिने त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, "बाई, मोडलेलं हाड दिसतं, मेंदूला बसलेला मार दिसत नाही. मरणाचे विचार त्या दुखापतीतूनही येतात. हा भेकडपणा नव्हे. यांना एकटं सोडू नका."

औषधे सुरू झाली. विचार थांबले नाहीत. आज, १९९४ साली, माझी एक दांडी दोऱ्याने बांधलेली आहे. काही दिवस जगन भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मालू खिडकीला गोणपाट लावते आणि सरळ विचारते, "आज मरावंसं वाटतंय का?" कधी तो "नाय" म्हणतो. कधी "वाटतंय" म्हणतो. त्या दिवशी ती बाजाराला जात नाही.

तुमच्या घरी असा कोणी परतला असेल, तर त्यालाही हे विचारा, एवढीच माझी प्रार्थना आहे. प्रश्न कडू आहे. परंतु तो विचारल्याने कोणी मरत नाही.

आज सकाळी तो "वाटतंय" म्हणाला. मालू त्याच्या उशाशी बसून कोळंबी सोलत आहे.