दहाचा उणे पाचवा घात

कुणालीचा पेपर सुटला तवा मी मुरबाडला शाळंच्या फाटकासमोर, वडापावच्या गाडीच्या सावलीत उभी होते. निवासी शाळंची प्रवेश परीक्षा होती. आमच्या पाड्यावरची शाळा आठवीला संपते. फुडं शिकायचं तर इथं नंबर लागला पायजे, नायतर माझ्यासारखं. मी नववीला रोज डोंगर उतरून जायची. एक दिवस सरांशी भांडले नि परत गेलीच नाय.

पण गणित माझं बरं होतं, म्हणून बहिणीला मीच शिकवलं. ओटीवर आमी समोरासमोर बसायचो, वही तिच्या मांडीवर. मोठाले आकडे आखूड करून लिवायचे, दहाच्या डोक्यावर बारका आकडा देऊन. त्याला घात म्हणतात. कुणालीचं डावं-उजवं लहानपणापासून चुकतं, म्हणून मी घरच्या खुणेनं सांगितलं. आकड्यातलं दशांशाचं टिंब डोंगराकडं सरकलं तर घात अधिक, नदीकडं सरकलं तर उणे.

तिनं विचारलेलं, एवढा मोठा आकडा, त्याला उणे कसा येईल गो ताय? माझं डोकं फिरलं. नववीपर्यंत कोण गेलंय, तू का मी, म्हणून तिची पेन्सिल अंगणात भिरकावली. ती गुपचूप जाऊन घेऊन आली. परत काय विचारलं नाय.

आता बाहेर आली तवा तिनं आधी माझं तोंड बघितलं, मग हसली. एसटी स्टँडवर बाकड्यावर माझ्या शेजारी बसून प्रश्नपत्रिका उघडली. चंद्राचं अंतर दिलेलं, तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. त्यावर बोट फिरवत म्हणाली, "हे बघ, टिंब पाच घरं इकडं गेलं, नदीकडं. म्हंजे उणे पाच."

बोट डावीकडं गेलं, म्हंजे घात अधिक पायजे होता. शेजारी बसल्यामुळं माझंपण डावं तेच. ओटीवर मात्र माझं डावं डोंगराकडं होतं, नि समोर बसलेल्या तिचं नदीकडं.

उणे पाच म्हंजे चंद्र आणून दोन बोटांवर ठेवला. तसलेच अजून चार-पाच प्रश्न. सगळे उलटे.

आमची गाडी लागली. मी बाकड्यावरनं उठले नाय.

"कुणाली, चूक माझी हाय गो. मी उलटं शिकवलं. तू इचारलेलंस ते बरोबर होतं."

ती कागदाची घडी घालत राहिली.

"म्हायत होतं मला. पयला मी अधिकच लिवलेला. मग खोडला."

"का?"

"बाहेर आल्यावर तू उत्तरं इचारणार होतीस ना. परत चिडली असतीस."

कंडक्टर ओरडला तशी ती उठली. माझीपण पिशवी तिनंच घेतली नि पळत फुडं गेली, माझ्यासाठी खिडकी धरायला.